सोळा जणांत एक बाथरूम

हॉस्टेलवर सगळ्यात जास्त ताण येतो तो सकाळी साडेसहा ते आठ या दीड तासात. उरलेल्या दिवसभरात तीच मुलं, तीच इमारत, तेच नळ असतात आणि फारसं काही अडत नाही. पण आठचं लेक्चर असतं, प्रॅक्टिकल असतं आणि सगळ्यांना एकदमच आंघोळ करायची असते. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेत वसतिगृहासाठी साधारण आठ मुलांमागे एक संडास आणि एक न्हाणीघर, मुलींसाठी सहा जणींमागे एक, असं प्रमाण धरलेलं आहे. ते उगाच नाही. आठ जण, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. पहिला साडेसहाला आत गेला तर शेवटचा सात पन्नासला बाहेर येतो आणि पळत का होईना, लेक्चर गाठतो. आता दोघांच्या रूममध्ये तिसरी कॉट टाका, मग चौथी. बाथरूम तेवढीच, माणसं दुप्पट. सोळा जणांना १६० मिनिटं लागतात, म्हणजे पहिल्याने पाच दहाला नळ सोडायला हवा. कोणीच सोडत नाही. मग रांगेत बादल्या लागतात, दारं वाजवली जातात, दोन चांगले मित्र एका बादलीवरून आठवडाभर बोलत नाहीत. त्यांच्या स्वभावात दोष नसतो, भागाकार चुकलेला असतो.

आणि यादीत सोळा असले तरी राहणारे सोळाच असतात असं नाही. पुण्यात विद्यापीठाची आणि मोठ्या कॉलेजांची हॉस्टेलची यादी मेरिटवर लागते, जागा मोजक्या. ज्याचं नाव लागत नाही तो गावाकडच्या मित्राच्या रूमवर दोन कॉटच्या मधल्या पट्टीत गादी टाकतो. कॅम्पसवर अशा मुलांना ‘पॅरासाइट’ म्हणतात आणि रेक्टरचा राउंड आला की ती गच्चीवर जातात. त्यांच्यावर चिडण्याआधी हिशेब बघावा. समाजकल्याणच्या हॉस्टेलला प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यातले राहण्याचे २०,०००. वर्षाचे दहा महिनेच धरले तरी महिन्याला दोन हजार. पुण्यात पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा शोधून बघा, दोन हजारांत काय मिळतं ते कळेल. शिवाय ती रक्कम वेळेवर खात्यात येईलच असं नाही, आणि घरमालक मात्र भाडं आगाऊ मागतो. मुलगा मित्राच्या रूमवर जमिनीवर झोपतो तो या दोन तारखांच्या मधल्या फटीत सापडल्यामुळे.

प्रमाण बरोबर असलेल्या हॉस्टेलमध्येही गणित बिघडतं, आणि ते बहुतेक वेळा कडीवर बिघडतं. एका विंगला चार बाथरूम असतात. त्यातल्या एकीची कडी तुटलेली, दुसरीत पाणी तुंबलेलं, तिसरीच्या नळाचं हँडल गायब. मुलांच्या हॉस्टेलमध्ये कडी नसलेली बाथरूम निदान वापरली जाते. मुलींच्या हॉस्टेलमध्ये ती बंदच पडते, किंवा एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते आणि एका आंघोळीला दोघींचा वेळ जातो. तक्रार केली की सुतार येतो, नवी कडी बसवतो, पंधरा दिवसांत ती पुन्हा निखळते. कारण कडीत नसतं, दारात असतं. रोज भिजून दाराचं प्लायवुड फुगलेलं असतं, जुन्या भोकांचा भुगा झालेला असतो आणि त्याच भोकांत तोच स्क्रू पिळला तर त्याला धरायला काही नसतं. कडी जुन्या जागेपासून दोन-तीन इंच वर किंवा खाली घ्यायची, नवी भोकं आरपार पाडायची आणि स्क्रूऐवजी नट-बोल्ट लावायचे, आतून-बाहेरून वॉशर घालून. एवढं केलं तर दार सडेपर्यंत कडी हलत नाही. सुताराला हे माहीत असतं. पण नट-बोल्ट आणायला कोणी सांगत नाही, कारण कामाच्या चिठ्ठीवर फक्त ‘कडी बसवणे’ लिहिलेलं असतं. तुंबण्याचंही तसंच. नहाणी ट्रॅपवरची, म्हणजे मोरीतलं पाणी जायच्या तोंडावरची, जाळी कोणीतरी काढून ठेवलेली असते, आत केस, साबणाचे तुकडे आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्या जातात. जाळी जागेवर असेल आणि आठवड्यातून एकदा आकड्याच्या तारेने ट्रॅप साफ होत असेल तर पाणी साचत नाही. प्रत्येक बाथरूममध्ये पुड्या टाकायला एक डबा ठेवला तर निम्मं काम होतं.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहायचं कारण म्हणजे ‘हॉस्टेल माणसाला घडवतं’ हे वाक्य. तक्रार केली की ते तोंडावर फेकलं जातं. महाराष्ट्रात त्या वाक्याला मोठा इतिहासही आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. त्या बोर्डिंगांशिवाय खेड्यातल्या कितीतरी पिढ्या शिकल्याच नसत्या. पण त्या मुलांना घडवलं ते सोबतीने, एका पंगतीने, शिकायची दारं उघडल्यामुळे. तुंबलेल्या मोरीने कोणी घडत नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलं स्वतः राबायची तेव्हा चूल कशी पेटते आणि धान्य किती आहे हे त्यांना दिसत होतं. आजच्या हॉस्टेलमधल्या मुलाला टाकी किती लिटरची आहे हेही सांगितलं जात नाही. कष्टाचा वारसा सांगायचा तर तो हिशेब उघडा ठेवण्याचाही वारसा आहे.

टाकीचंच घ्या. भारतीय मानकांनुसार हॉस्टेलमध्ये माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. साठ मुलांना ८,१०० लिटर. गच्चीवर ५,००० लिटरची टाकी असेल तर ती दिवसातून दोनदा भरावी लागते, आणि पंप कधी चालू करायचा हे वॉचमनकाकांच्या ड्यूटीवर ठरतं. रात्री दहाला टाकी भरली, मग रात्रभर कपडे धुतले गेले, दोन फ्लश गळत राहिले, की सकाळी सातला टाकी तळाला गेलेली असते. पंप रात्रीऐवजी पहाटे साडेचारला लावला तर तेच पाणी आंघोळीला पुरतं. यासाठी नवी टाकी लागत नाही. वॉचमनला त्या वेळी उठायला लागू नये म्हणून पंपाला टायमर किंवा पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच बसवायचा, बस.

वरच्या आणि खालच्या मजल्यांची भांडणं वेगळीच. टाकीचा तळ वरच्या मजल्याच्या नळापासून जेमतेम तीन मीटर उंच असतो, त्यामुळे तिथे धार बारीक, आणि खाली चार नळ उघडले की तीही जाते. गरम पाण्याचं याच्या उलट. सोलरची टाकी गच्चीवर, म्हणून वरच्या मजल्याला ते लगेच मिळतं. तळमजल्यापर्यंतच्या पाइपात रात्रभर थंड झालेलं पाणी उभं असतं. एक इंची पाइप २० मीटर असेल तर त्यात जवळपास दहा लिटर पाणी मावतं. म्हणजे पहिल्या मुलाला अर्धी बादली गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि मध्ये दहा मिनिटं कोणी नळ उघडला नाही की पाइपातलं पाणी पुन्हा निवायला लागतं. सोडून दिलेलं गार पाणी कपड्यांच्या बादलीत धरायचं एवढं ठरवलं तरी वाया जात नाही. दुसरी गोष्ट, सोलरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं. हिवाळ्यात नळाचं २० अंशांचं धरलं तर अर्धं गरम, अर्धं गार मिळून ४० अंशांची बादली होते. एकाने आख्खी बादली गरम भरली तर तो दुसऱ्याची आंघोळ घेऊन जातो. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, सोलरचा भरवसा नाही. तेव्हा चालवायला टाकीत विजेची कॉइल असते आणि बिल वाढतं म्हणून नेमकी तीच बंद ठेवतात.

मग कपाटातून रॉड निघतो. १,५०० वॅटचा रॉड २० लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण २३ मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ साडेसहा अँपिअर वीज ओढतो. रूममधला सॉकेट असतो सहा अँपिअरचा. त्यामागचं सर्किट पंखे आणि ट्यूब यांच्यासाठी केलेलं असतं. दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही त्याची जुनी, ठरलेली मर्यादा. तीन रूममध्ये एकदम रॉड लागले की एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो, आणि पडायलाच हवा. धोका पुढे आहे. रोज पडतो म्हणून कोणीतरी वायरमनला सांगून तिथे जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून घेतं. आता काही पडत नाही, आणि भिंतीतली वायर तापते. सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग, स्विचला जळका वास, प्लग काढताना पिन गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर तो पॉइंट त्या दिवसापासून वापरायचा नाही. रॉड वापरणाऱ्यांनी एक नियम तर पाळावाच: स्विच बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात हात घालायचा, पाणी तापलं का ते बघायलासुद्धा. रॉडवर नुसती बंदी घालून भागत नाही. जप्त केलेल्या रॉडच्या जागी महिन्याभरात नवा येतो, कारण गार पाणी तसंच असतं. प्रत्येक मजल्यावर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, त्याला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारं उपकरण) आणि तिथे गिझर किंवा किटली, असं दिलं की रूममधले रॉड आपोआप कमी होतात.

मेसबद्दल सगळेच बोलतात, पण चवीबद्दल बोलतात, आणि चवीवर वाद घालून काही हाती लागत नाही. वजनावर बोलावं. शंभर ताटांना एका वेळी साधारण १० ते १२ किलो कणीक आणि तीन ते साडेतीन किलो तूरडाळ लागते. दोन किलो डाळ शिजली तर आचारी कितीही चांगला असो, वरण पातळच होणार. मेस कमिटीतल्या दोघांनी आठवड्यातून एकदा, न सांगता, कोठीतून माल काढताना हजर राहायचं आणि वजन वहीत लिहायचं. महिन्याभरात फरक दिसतो. पोळ्या कडक का होतात, याचं उत्तरही वेळेत आहे. शंभर जणांच्या चारशे पोळ्या, एकीला ४० सेकंद, दोन तवे, म्हणजे सव्वादोन तास. साडेबाराच्या जेवणासाठी मावशी सव्वादहालाच लाटायला बसतात. पहिल्या पोळ्या दोन तास थप्पीत पडतात. वरच्या वाळतात, खालच्या घामेजून चिकटतात. थप्पी लहान ठेवायची, कापड घातलेल्या डब्यात झाकायची आणि निम्म्या पोळ्या वाढप सुरू झाल्यावर करायच्या, एवढाच त्यावर उपाय आहे. उसळीत सोडा पडतो तो गॅस वाचवायला. कडधान्य रात्रभर भिजलं असेल तर सोड्याची गरज नसते. पण त्यासाठी उद्याची भाजी आज संध्याकाळी ठरायला हवी. सोड्याने ब जीवनसत्त्वातला बी-वन हा भाग नासतो, हे वेगळंच.

खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे वजा करण्याचा, नियम तर मुळातून बदलायला हवा. बहुतेक मेसमध्ये सलग तीन दिवस किंवा त्याहून जास्त गैरहजर असाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा धरतात. शनिवारी दुपारी घरी जाऊन सोमवारी सकाळी येणाऱ्याचा खाडा कधीच बसत नाही आणि महिन्याच्या चारही शनिवार-रविवारची ताटं फुकट जातात. आदल्या रात्री आठपर्यंत नाव कळवलं तर एका दिवसाचाही खाडा धरायला हरकत काय? माल त्यानंतरच काढला जातो.

आता ढेकूण. यावर लोक लाजेने बोलत नाहीत, आणि त्या लाजेतच ते वाढतात. ढेकणांचा अस्वच्छतेशी संबंध थोडा आणि सामानाशी जास्त. ते उडत नाहीत. गादीतून, ट्रंकेतून, सेकंडहँड कॉटमधून येतात. लोखंडी कॉटचा पाय जिथे आडव्या अँगलला जोडलेला असतो, तिथे मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके, फिकट पारदर्शक कातडी आणि खसखशीएवढी पांढुरकी अंडी दिसली की समजायचं. मादी आयुष्यभरात शेकड्यांनी अंडी घालते आणि ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. फवारणीने मोठे ढेकूण मरतात, अंडी बहुतेक वाचतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी झालीच पाहिजे. कंत्राटदार एकदाच येतो आणि महिन्याने सगळे म्हणतात की औषधात दम नव्हता. एकच रूम फवारली तर उरलेले ढेकूण भिंतीच्या भेगांतून शेजारी जातात. निदान दोन्ही बाजूच्या आणि वर-खालच्या रूम एकाच दिवशी करायला हव्यात. दरम्यान हातात असलेला उपाय उष्णतेचा. पन्नास अंशांच्या वर ते आणि अंडीही टिकत नाहीत. कॉट व्हरांड्यात काढून तिच्या सांध्यांत, नळीच्या तोंडात उकळतं पाणी हळूहळू ओतायचं. गादी नुसती उन्हात टाकून उपयोग होत नाही, ढेकूण आतल्या गार भागात सरकतात. काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर, मध्ये एकदा उलटून ठेवली तर जास्त तापते, पण आतपर्यंत तापेलच असं नाही. चादरी, उशांचे अभ्रे कडक पाण्यात. आणि कॉट भिंतीपासून वीतभर लांब. सुट्टीत दोन महिने रूम बंद होती म्हणून ढेकूण उपाशी मेले असतील, असं समजू नये. ते काही महिने न खाता जगतात.

रूममेटशी पटत नाही हा त्रास मला तुलनेने सोपा वाटतो. दिवा किती वाजता बंद, पाहुणा किती दिवस, झाडू कोणाच्या वारी, हे पहिल्या आठवड्यात बोलून कागदावर लिहिलं तर वर्ष निघतं. अवघड आहे ते एकटं असण्याला जागा नसणं. घरून फोन आला की मुलगी रूममधून उठते, व्हरांड्यात कोणी तरी असतं, गच्चीला कुलूप, म्हणून ती जिन्याच्या मधल्या वळणावर भिंतीकडे तोंड करून बसते आणि हळू आवाजात सांगते की सगळं ठीक आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला पाय उचलून वाट देते. हॉस्टेल बांधताना टीव्ही रूम, जिम, पार्किंग सगळं आखतात. दार लावून दहा मिनिटं बोलता येईल अशी एक लहान खोली प्रत्येक मजल्यावर द्यायला काहीच लागत नाही, आणि ती कुठे दिसत नाही.

गेटचा जाच मुलींना जास्त. एकाच कॅम्पसमध्ये मुलांचं हॉस्टेल अकरापर्यंत उघडं आणि मुलींचं साडेआठला बंद, अभ्यासिका मात्र दोघांनाही दहापर्यंत. म्हणजे मुलींना अभ्यासिका दीड तास कमी. कारण सुरक्षिततेचं देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत, जे २०१५ चे म्हणून ओळखले जातात आणि २०१६ मध्ये राजपत्रात आले, स्पष्ट लिहिलं आहे की सुरक्षिततेची काळजी पुढे करून विद्यार्थिनींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा भेदभावाचे नियम लावू नयेत. हे कलम अर्जात लिहून, त्याची प्रत जोडून, वेळ समान करा अशी मागणी करता येते. मागणी मान्य होईलच असं नाही, पण लेखी मागणी तोंडी उडवून लावणं अवघड जातं.

लेखी हाच शब्द बाकीच्या सगळ्या तक्रारींनाही लागू आहे. वॉचमनच्या टेबलावरच्या तक्रारवहीत ‘पाणी नाही’ असं लिहून काही होत नाही. ते पान उलटलं की संपलं. तारीख, विंग, मजला, नेमकं काय बिघडलंय, कधीपासून, किती जणांना त्रास, आणि आधी कोणत्या तारखेला कळवलं होतं, एवढं एका पानात लिहायचं. फोटो जोडायचा, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. एकट्याचं नाव असलं की त्याचीच पुढच्या वर्षीची जागा धोक्यात येते. तीस सह्या असल्या की तसं करणं अवघड जातं. दोन प्रती काढायच्या, एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन पोच म्हणून ठेवायची. ही पोच पुढे डिपॉझिटच्या वेळीही कामी येते. वर्ष संपताना नो ड्यूजच्या फॉर्मवर तुटलेला स्विच, फुटलेली काच तुमच्या नावावर लावली जाते. ताबा घेतला त्या दिवशीचे रूमचे फोटो आणि तक्रारींच्या पोचा असतील तर कपात होत नाही.

सगळ्यात काळजीचा विषय आजारपण. पावसाळा सरताना डेंगीचे ताप सुरू होतात, टायफॉइड असतोच. घरी असलं की कोणी तरी कपाळाला हात लावतं. हॉस्टेलमध्ये पार्टनर सकाळी लेक्चरला जातो आणि तापातला मुलगा दिवसभर रूममध्ये एकटा पडून राहतो. मेसपर्यंत चालवत नाही, डबा वर न्यायची परवानगी नसते, म्हणून उपाशी. मेसच्या करारातच मऊ भात आणि वरणाचं आजारी ताट रूमवर पोचवण्याची अट घालायला हवी. जुलाब होत असतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, थोडं थोडं पाजत राहायचं. तापाला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने द्यायचं नाही, डेंगी असला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या प्रमाणात, आणि दुसऱ्या दिवशीही ताप असला तर रक्त तपासणी. ताप उतरल्यावर लगेच निश्चिंत व्हायचं नाही. डेंगीत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोट सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

आणि तो दवाखाना रात्री दोनला गाठायचा असेल तर? गेटची किल्ली रेक्टरकडे, रेक्टर क्वार्टरवर, फोन उचलत नाहीत, वॉचमनला सहीशिवाय गेट उघडायचा अधिकार नाही. अशा वेळी अर्धा तास सहज जातो. रेक्टरनी एक लेखी आदेश काढावा: आजारी विद्यार्थ्यासाठी वॉचमनने गेट लगेच उघडायचं, सोबत जाणाऱ्या दोघांना सोडायचं आणि नोंद नंतर करायची. तो आदेश गेटच्या आतल्या बाजूला लावावा, खाली १०८ आणि जवळच्या रात्रभर चालू असणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर मोठ्या अक्षरात. जिथे असा कागद नाही, तिथल्या मुलांनी या आठवड्यात पहिला अर्ज त्याचाच करावा.